विश्लेषण : राक्षस दिसला आणि भीतीच संपली! ‘मिस पेरेग्रिन’ वाचून अपेक्षाभंग का होतो?

काळ्या-पांढऱ्या मुखपृष्ठावर एक लहान मुलगी. अंगात जुन्या पद्धतीचा झगा, डोक्यावर छोटासा मुकुट, चेहऱ्यावर हसू नाही. नीट पाहिले की लक्षात येते, तिचे पाय जमिनीला टेकलेलेच नाहीत. ‘मिस पेरेग्रिन्स होम फॉर पिक्युलियर चिल्ड्रन’ या कादंबरीचे हे मुखपृष्ठ पाहून पुस्तक उचलणाऱ्यांची संख्या मोठी आहे. पुस्तक मिटल्यावर ‘एवढेच होते का?’ असे विचारणाऱ्यांची संख्याही कमी नाही.

किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या, राक्षसांच्या फँटसी कादंबऱ्यांबद्दल ही तक्रार वारंवार ऐकू येते. सुरुवात जबरदस्त असते, मध्यावर गाडी अडते आणि शेवटी मारामारी होऊन पुढच्या भागाची जाहिरात होते. हे का होते? भीतीचा फुगा नेमका कुठे फुटतो? आणि एका राक्षसाच्या गोष्टीबद्दल एवढे वाईट वाटून घेण्यासारखे त्यात काय आहे? समजून घेऊ या.

(सूचना : पुढील मजकुरात कादंबरीतील रहस्ये उघड केलेली आहेत.)

पुस्तक नेमके कोणते?

अमेरिकी लेखक रॅन्सम रिग्ज यांची ही पहिली कादंबरी. जून २०११ मध्ये फिलाडेल्फियाच्या ‘क्वर्क बुक्स’ने ती प्रकाशित केली. रिग्ज यांना जुन्या बाजारातून अनोळखी माणसांचे जुने फोटो गोळा करण्याचा छंद. त्यांतले काही विचित्र फोटो घेऊन चित्रांचे पुस्तक करावे, अशी त्यांची मूळ कल्पना होती. प्रकाशनसंस्थेतील संपादकाने सुचवले की, या फोटोंभोवती गोष्टच लिहा. त्यातून कादंबरी जन्मली. पुस्तकात चाळीसहून जास्त फोटो आहेत. ते सगळे खरे, जुने, संग्राहकांकडून मिळवलेले असून अगदी मोजक्या फोटोंवर किरकोळ संस्कार केल्याचे लेखकाने पुस्तकाच्या शेवटी सांगितले आहे.

पुस्तक तुफान खपले. २०१२ मध्ये ते ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बालसाहित्याच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. पुढचे भाग निघत राहिले आणि २०२१ मध्ये मालिकेतील सहावी कादंबरी आली. २०१६ मध्ये टिम बर्टन यांनी त्यावर चित्रपट काढला. त्यात इव्हा ग्रीन आणि एसा बटरफील्ड प्रमुख भूमिकांत होते. म्हणजे व्यावसायिक अर्थाने हे अपयशी पुस्तक मुळीच नाही. म्हणूनच त्याचे उदाहरण घेण्यात अर्थ आहे. न खपलेले पुस्तक निराश करते तेव्हा त्याची कारणे शोधायला कोणी जात नाही.

सुरुवात एवढी पकड का घेते?

फ्लोरिडात राहणारा जेकब पोर्टमन हा सोळाव्या वर्षात असलेला मुलगा. त्याचे आजोबा एब मूळचे पोलंडचे ज्यू. दुसरे महायुद्ध सुरू होण्याआधी, बाराव्या वर्षी, त्यांना घरच्यांनी एकट्याला ब्रिटनला पाठवून दिले. मागे राहिलेल्या कुटुंबापैकी कोणीही वाचले नाही. हे आजोबा नातवाला गोष्टी सांगतात. वेल्सजवळच्या एका बेटावरचे अनाथालय, तिथे राहणारी विलक्षण मुले, त्यांचे रक्षण करणारा एक शहाणा पक्षी आणि मुलांच्या मागावर असलेले राक्षस. पुरावा म्हणून आजोबा जुने फोटो दाखवतात. हवेत तरंगणारी मुलगी, एका हाताने भलामोठा दगड उचलणारा पोरगा.

लहानपणी जेकबला हे सगळे खरे वाटते. शाळेत टिंगल झाल्यावर तो विश्वास ठेवणे सोडून देतो. मग वडील त्याला समजावतात की, आजोबा खोटे बोलत नव्हते. राक्षस खरेच होते, फक्त ते माणसांसारखे दिसत आणि गणवेश घालत. ज्या बेटावर आजोबा वाचले ते त्यांना परीकथेसारखे वाटले, यात नवल ते काय?

एके दिवशी घरामागच्या झाडीत आजोबा रक्तबंबाळ अवस्थेत सापडतात. मरता मरता ते काही तुटक शब्द बोलतात. त्यात ३ सप्टेंबर १९४० ही तारीख असते. आणि झाडीत जेकबला एक तोंड दिसते. त्यातून साप वळवळावेत तशा जिभा बाहेर आलेल्या असतात. सोबतच्या मित्राला मात्र काहीच दिसत नाही.

ही सुरुवात इतकी चांगली का आहे? बल्गेरियात जन्मलेले फ्रेंच समीक्षक त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० मध्ये अद्भुत साहित्यावर एक गाजलेले पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे साधे आहे. विचित्र घटना घडते, तेव्हा तिचे दोन अर्थ शक्य असतात. एक तर पात्राला भास झाला किंवा मग जगाचे नियमच आपल्याला वाटत होते त्यापेक्षा वेगळे आहेत. या दोन शक्यतांमध्ये वाचक जितका वेळ लोंबकळत राहतो, तितका वेळच खरा अद्भुत रस टिकतो. निर्णय झाला की तो संपतो. भास असल्याचे कळले तर गोष्ट मानसशास्त्राची होते, राक्षस खरा निघाला तर परीकथेची.

जेकबची सुरुवात बरोबर या दोरीवर उभी आहे. त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे नेले जाते. धक्क्यामुळे भास झाला, असे निदान होते. वाचकालाही ते पटण्यासारखे असते. शोक, अपराधी भावना, आजोबांच्या आयुष्यातला न सांगितलेला भाग या सगळ्याचे ओझे त्या एका राक्षसावर असते.

मग बिनसते कुठे?

जेकब वडिलांबरोबर केर्नहोम या काल्पनिक बेटावर पोहोचतो. अनाथालय बॉम्बने उद्ध्वस्त झालेले आहे. पण दलदलीतल्या एका प्राचीन थडग्यातून पलीकडे गेले की ३ सप्टेंबर १९४० हा एकच दिवस रोज नव्याने सुरू होतो. तिथे मिस पेरेग्रिन आणि तिची मुले जिवंत आहेत. फोटोंतली सगळी मुले. हाताने आग पेटवणारी एमा, अदृश्य मिलर्ड, हवेत उडू नये म्हणून जड बूट घालणारी ऑलिव्ह, मेलेल्यांत तात्पुरता जीव ओतणारा इनॉक.

इथपर्यंत वाचक खूश असतो. पण यानंतर समजावून सांगण्याचा कार्यक्रम सुरू होतो. पक्ष्याचे रूप घेऊन काळ थांबवणाऱ्या स्त्रियांना काय म्हणतात, विलक्षण मुलांचा आत्मा खाणारे ‘हॉलोगास्ट’ कसे तयार झाले, पुरेसे बळी घेतल्यावर त्यांचे माणसासारखे दिसणारे, बुबुळे नसलेले ‘वाइट’ कसे होतात, १९०८ मध्ये सायबेरियात अमरत्वाचा प्रयोग कसा फसला आणि स्फोट झाला. १९०८ मध्ये सायबेरियातील तुंगुस्का इथे खरोखरच प्रचंड स्फोट झाला होता. त्याचा धागा इथे जोडलेला आहे. कल्पना चतुर आहे, पण ती कळते कशी? मिस पेरेग्रिन बसून सांगते म्हणून.

मी स्वतः इंजिनीअरिंग शिकलो, त्यामुळे नियमांची मला ॲलर्जी नाही. उलट काल्पनिक जगाला नियम हवेतच. पण मॅन्युअल वाचणे आणि यंत्र चालताना पाहणे यात फरक असतो. नियम घटनेतून कळला तर तो अंगावर येतो. तोच तक्त्यासारखा सांगितला तर तो फक्त लक्षात ठेवायचा मुद्दा उरतो.

शिवाय ज्या राक्षसाने आजोबांना मारले तो यानंतर बराच काळ गायब असतो. बेटावर मेंढ्या मारलेल्या सापडतात, थोडी कुजबूज होते. मधली पाने मात्र मुलांचे खेळ, जेवणे आणि जेकब-एमाचे प्रेम यांत जातात. हे प्रेमही अनेकांना खटकते. कारण एमा ही तरुणपणी आजोबांचीच प्रेयसी होती. इतक्या वर्षांत तिचे वय वाढलेले नाही, एवढाच काय तो फरक. आजोबांच्या पत्रांसाठी वर्षानुवर्षे झुरलेली मुलगी नातवाच्या प्रेमात का पडते, हा प्रश्न खरे तर फार गंभीर आहे. कादंबरी तो घाईने ओलांडते.

फोटोंचा यात काय वाटा?

कादंबरीची सर्वांत मोठी ताकद हेच तिचे सर्वांत मोठे ओझेही आहे. सहसा लेखक आधी गोष्ट रचतो, चित्रे नंतर येतात. इथे सुटे भाग आधी जमले आणि त्यांच्याभोवती यंत्र बसवले गेले. जिथे फोटो आणि गोष्ट एकमेकांत रुतले आहेत तिथे कमाल होते. आजोबांच्या सिगारच्या डब्यातले फोटो हे त्याचे उदाहरण. नातू ते बनावट ठरवतो, आपणही ठरवतो आणि तरी पान उलटवत नाही.

पण काही ठिकाणी फोटो वापरायचा म्हणून प्रसंग आला आहे, हे लपत नाही. कुणीतरी अल्बम काढते, ‘हा बघ अमुक’ म्हणते आणि पुढच्या पानावर अमुक हजर. त्या व्यक्तीचा पुढे गोष्टीशी संबंध असतोच असे नाही. काही मुलांची ओळख म्हणजे फक्त त्यांची करामत. मधमाश्यावाला ह्यू आणि झाडे वाढवणारी फियोना यांना भीती कशाची वाटते, घरची आठवण येते का, हे फारसे कळत नाही.

गंमत अशी की फोटो जितका अबोल तितका तो भीतीदायक. तरंगणाऱ्या मुलीचा फोटो पाहून जो शहारा येतो तो ‘हिचे नाव ऑलिव्ह, ही हवेपेक्षा हलकी आहे’ हे कळल्यावर ओसरतो. प्रश्नाला उत्तर मिळते, पण उत्तर प्रश्नापेक्षा लहान असते.

भीती नेमकी कशी काम करते?

अमेरिकी तत्त्वज्ञ नोएल कॅरल यांनी १९९० मध्ये भयकथेच्या तत्त्वज्ञानावर पुस्तक लिहिले. त्यांच्या मते राक्षस दोन कारणांनी राक्षस ठरतो. एक म्हणजे तो धोकादायक असतो. दुसरे, तो आपल्या डोक्यातल्या कप्प्यांत बसत नाही. जिवंत की मेलेला, माणूस की प्राणी, आतला की बाहेरचा, हे ठरवता येत नाही. वाघही धोकादायक असतो, पण वाघ हा राक्षस नव्हे. भयकथेचा आनंद या न बसणाऱ्या गोष्टीचा शोध घेण्यात असतो.

आता हॉलोगास्टकडे पाहा. सुरुवातीला तो कुठल्याच कप्प्यात बसत नाही. नंतर त्याला नाव मिळते, जन्मकथा मिळते, आहार मिळतो, वाढीचे टप्पे मिळतात. तो अजूनही धोकादायक आहे, पण आता तो एक प्रजाती आहे. तो वाघ झाला.

चित्रपटसृष्टीतला प्रसिद्ध किस्सा इथे आठवतो. १९७५ च्या ‘जॉज’साठी बनवलेला यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सतत बिघडत होता. त्यामुळे स्टीव्हन स्पीलबर्ग यांना बराच काळ शार्क न दाखवता काम चालवावे लागले. पाण्यावरचे पिंप, पृष्ठभागाखालून सरकणारा कॅमेरा आणि संगीत एवढ्यावर भीती उभी राहिली. यंत्र बिघडले, चित्रपट सुधारला. हॉलोगास्ट तर जन्मतः अदृश्य आहे. न दिसण्याची एवढी मोठी सोय लेखकाकडे होती. पण तो फक्त नायकाला दिसतो आणि नायकच निवेदक आहे. म्हणजे वाचकाला तो नेहमी दिसतोच. हेच निवेदन अदृश्य राक्षस जाणवणाऱ्या, पण न दिसणाऱ्या एमाच्या तोंडी असते तर?

इतिहासाचे काय झाले?

अपेक्षाभंगाचे सर्वांत गंभीर कारण मात्र तंत्रात नाही. सुरुवातीला आजोबांच्या राक्षसांना एक खरा चेहरा होता, नाझींचा. डिसेंबर १९३८ ते सप्टेंबर १९३९ या काळात नाझी अमलाखालच्या प्रदेशांतून सुमारे १० हजार मुलांना ब्रिटनमध्ये आणले गेले. त्यांतली बहुसंख्य मुले ज्यू होती. अनेकांना आईवडील पुन्हा कधीच दिसले नाहीत. आजोबा एब याच इतिहासाच्या सावलीतून आले आहेत. ३ सप्टेंबर ही तारीखही सहज निवडलेली वाटत नाही. १९३९ मध्ये याच दिवशी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले होते. बर्टन यांच्या चित्रपटात मात्र वर्ष बदलून १९४३ केले आहे.

वडिलांच्या त्या एका वाक्यातल्या स्पष्टीकरणाने कादंबरी एक वचन देते. आजोबांच्या पिढीला जे सांगता आले नाही ते नातू समजून घेणार, हे ते वचन. पण पुढे कळते की वडील चुकीचे होते. राक्षस म्हणजे खरोखर राक्षसच. जिभांचे, नियमांचे, सायबेरियातून आलेले. शेवटच्या संघर्षात एक जर्मन पाणबुडीही दिसते, पण तिच्यातले शत्रू असतात वाइट.

यात नेमके काय हरवते? नाझींबद्दलची सर्वांत भयंकर गोष्ट ही होती की ते राक्षस नव्हते. ते शेजारी होते, कारकून होते, रेल्वेचे वेळापत्रक आखणारे होते. राक्षसाला दयामाया नसते, कारण तो तसाच असतो. माणसाला ती असू शकते आणि तरीही तो ती बाजूला ठेवतो. पहिली गोष्ट भीतीची आहे, दुसरी जबाबदारीची. कादंबरी दुसरीच्या दारापर्यंत नेते आणि पहिलीच्या घरात सोडून देते.

विशेष म्हणजे सामग्री तिच्याकडे होती. एब सुरक्षित, न संपणारा दिवस सोडून लढायला गेला. एमा मागे राहिली. ज्यू म्हणून आणि विलक्षण म्हणून, अशा दोन्ही बाजूंनी त्याची माणसे मारली जात असल्याचे कादंबरी सूचित करते. रोज रात्री बॉम्ब पडण्याआधी घड्याळ मागे फिरवून जगत राहायचे की बाहेर जाऊन म्हातारे व्हायचे आणि लढायचे? हा प्रश्न कुठल्याही जिभाळ राक्षसापेक्षा मोठा आहे. वाचक निराश होतो तो बहुधा इथे, जरी बोट त्याने कथेच्या वेगावर ठेवले तरी.

त्याच वर्षीचा दुसरा राक्षस

हे जमू शकते, याचा पुरावा त्याच वर्षी आला. २०११ मध्येच पॅट्रिक नेस यांची ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ प्रसिद्ध झाली. योगायोग म्हणजे तिच्यावरचा चित्रपटही २०१६ मध्येच आला. मूळ कल्पना शिवॉन डाउड या लेखिकेची. २००७ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले आणि ती कल्पना नेस यांनी पूर्ण केली. जिम के यांच्या काळ्या-पांढऱ्या चित्रांसह आलेल्या या पुस्तकाला २०१२ मध्ये ब्रिटनमधले कार्नेगी पदक लेखनासाठी आणि केट ग्रीनअवे पदक चित्रांसाठी मिळाले. एकाच पुस्तकाला दोन्ही मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

गोष्ट १३ वर्षांच्या कॉनरची. आई गंभीर आजारी आहे. मध्यरात्रीनंतर १२ वाजून ७ मिनिटांनी यू नावाचे झाड राक्षस होऊन खिडकीशी येते. ते म्हणते, मी तीन गोष्टी सांगेन, चौथी तू सांगायची आणि ती खरी असली पाहिजे. राक्षस भास आहे की खरा? सकाळी खोलीत त्या झाडाची पाने पडलेली सापडतात, तरी पुस्तक शेवटपर्यंत निकाल देत नाही. तोदोरोव्ह म्हणतात तसे ते लोंबकळणे तुटत नाही.

आणि राक्षसाला पाहून कॉनर फारसा घाबरतही नाही. त्याने त्याहून वाईट काहीतरी आधीच पाहिलेले असते. शेवटी जे बाहेर येते ते राक्षसाचे गुपित नसते, मुलाचे असते. पुस्तक छोटे आहे. त्यात ना जगाचा नकाशा, ना प्रजातींची नावे, ना पुढचा भाग. तरी ते वाचून झाल्यावर काही वेळ बोलवत नाही.

अपेक्षाभंगाचे गणित काय सांगते?

ग्राहकाचे समाधान कसे ठरते, यावर रिचर्ड ऑलिव्हर यांचे १९८० चे संशोधन आजही आधार मानले जाते. वस्तू किती चांगली आहे एवढ्यावरच समाधान ठरत नाही. आधीची अपेक्षा आणि प्रत्यक्ष अनुभव यांतले अंतर त्यात महत्त्वाचे असते. म्हणजे तेच पुस्तक ‘हलकेफुलके साहस’ म्हणून हातात आले असते तर कदाचित आवडले असते. पण मुखपृष्ठ भयकथेचे, सुरुवात शोककथेची, मधला भाग जादूच्या शाळेचा आणि शेवट साहसपटाचा, अशी सरमिसळ झाली की प्रत्येक टप्प्यावर अपेक्षा बदलावी लागते.

अर्थात, अपेक्षाभंग प्रत्येक वेळी वाईट नसतो. मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१८१८) वाचायला घेणाऱ्याच्या डोक्यात बहुतेकदा १९३१ च्या चित्रपटातला, मानेत खिळे असलेला मुका राक्षस असतो. पुस्तकात भेटतो तो मिल्टन वाचलेला, उत्तम बोलणारा, एकटा पडलेला जीव. इथेही अपेक्षा मोडते, पण मिळते ते मागितल्यापेक्षा मोठे. मोडण्याला हरकत नाही. मोडून हातात काय उरते, हा प्रश्न आहे.

बचावाची बाजू काय?

ती ऐकायला हवी. पहिली गोष्ट, हे पुस्तक किशोरांसाठी आहे. तेराव्या वर्षी ‘आपण इतरांसारखे नाही’ ही भावना मोठी असते आणि अशा सगळ्यांसाठी एक घर आहे ही कल्पनाच दिलासा देते. दुसरे, पहिल्या भागावर जग उभारण्याची जबाबदारी असते. मालिकेचा पुढचा प्रवास २०१४ च्या ‘हॉलो सिटी’पासून सुरू होतो. तिसरे, जुन्या फोटोंना असे गोष्टीत आणण्याचा प्रयोग मुख्य प्रवाहात इतक्या ठसठशीतपणे क्वचितच झाला होता. अनेक मुलांनी केवळ फोटोंसाठी हे पुस्तक उघडले आणि ते वाचून काढले. पुस्तकाला हात न लावणाऱ्या पोराने साडेतीनशे पाने संपवणे ही लहान गोष्ट नाही.

हे मान्य करूनही एक मुद्दा उरतो. ‘मुलांसाठी आहे’ म्हणून कमी चालेल, हे गृहीतच मुलांवर अन्याय करणारे आहे. नेस यांचे पुस्तकही मुलांसाठीच आहे.

आपल्या राक्षसांकडून काय शिकता येईल?

आजीच्या गोष्टीतला राक्षस आठवून पाहा. त्याचा जीव त्याच्या शरीरात नसतो, सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो. राजपुत्र राक्षसाशी लढत बसत नाही, पोपट शोधतो. या जुन्या युक्तीत एक मोठे शहाणपण आहे. राक्षसाची ताकद त्याच्या दातांत किंवा नखांत नसते, ती दुसरीकडे कुठेतरी असते.

‘तुंबाड’ (२०१८) मध्येही हेच दिसते. हस्तर कसा दिसतो यापेक्षा तो कशासाठी भुकेला आहे आणि त्याच्याकडे कोण, कशासाठी पुन्हा पुन्हा उतरते, हे प्रेक्षकाच्या लक्षात राहते. नियम अगदी थोडे आहेत. पिठाचे रिंगण, पिठाची बाहुली, पडणाऱ्या मोहरा. आणि प्रत्येक नियम माणसाच्या हव्यासाशी बांधलेला आहे. राक्षसाचा जीव विनायकरावांच्या लोभात आहे.

‘मिस पेरेग्रिन’मधल्या राक्षसाचा जीव आजोबांच्या न सांगितलेल्या आयुष्यात होता. कादंबरी पोपट हातात घेऊन निघाली आणि वाटेत कुठेतरी त्याला सोडून राक्षसाशी कुस्ती खेळू लागली.

मग हे पुस्तक वाचावे का?

हो, पण काय वाचतो आहोत ते माहीत करून घेऊन. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना साहसकथा म्हणून ते नक्की देता येईल. छापील प्रत मिळाली तर उत्तम. फोनच्या पडद्यावर फोटो बोटभर होतात आणि पुस्तकाची निम्मी मजा तिथेच जाते. भयकथा हवी असलेल्यांनी पहिली काही प्रकरणे वाचावीत आणि पुढचे साहस म्हणून स्वीकारावे. ज्यांना राक्षसाच्या निमित्ताने दुःखाबद्दल काही वाचायचे आहे, त्यांनी आधी ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ घ्यावे.

आणि घरातल्या एखाद्या मुलाने पुस्तक आपटून ‘बकवास आहे’ म्हटले, तर तिथेच विषय संपवू नये. कुठल्या पानावर कंटाळा आला, आधी काय होईल असे वाटले होते, तुला काय हवे होते, एवढे विचारावे. ‘मला वाटले होते आजोबांचे काय झाले ते कळेल’ असे उत्तर आले, तर त्या मुलाला पुस्तक समजले नाही असे नाही. पुस्तकाने जे वचन दिले होते ते त्याला नेमके समजले होते. असा वाचक पुढचे पुस्तक अधिक नीट निवडतो.

निराश व्हायला आधी मनापासून वाचावे लागते. तेवढे ज्याने वाचले, त्याच्या हातात दुसरे पुस्तक लवकर पडायला हवे.